मनावरचा काबू, यंत्रावरचा काटा

१९३८ साली भायखळ्याच्या सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात, म्हणजे मुंबईकरांच्या ‘जे. जे.’मध्ये, डॉ. मसानी यांनी मनोविकारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण रुग्णालयात असा विभाग निघणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. त्याआधी पाच वर्षे कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी तसा प्रयत्न केला होता. बाकी देशभर मनाचा आजार म्हटला की डोळ्यांपुढे यायच्या त्या मनोरुग्णालयांच्या उंच भिंती. मुंबईकरांसाठी ठाण्याच्या, नाहीतर येरवड्याच्या. पण ज्याला नुसतीच धडधड होते, रात्र रात्र डोळा लागत नाही, गर्दीत शिरले की घाम फुटतो, अशा माणसाने जायचे कुठे? त्याला कोणी वेडा म्हणत नसे आणि आजारीही मानत नसे. घरचे म्हणत, मन घट्ट कर. ते कसे करायचे, हे मात्र कोणी सांगत नसे.

जे. जे.तल्या त्या विभागामुळे असा माणूस तापाच्या आणि खोकल्याच्या रुग्णांसारखाच रांगेत उभा राहू शकला. डॉक्टरांपाशी त्याच्यासाठी वेळ होता, ऐकून घेण्याची तयारी होती, थोडीफार औषधे होती. मोजमापाचे साधन मात्र नव्हते. ताप उतरला हे थर्मामीटर सांगे, रक्तदाब दंडाला बांधलेला पट्टा सांगे. भीती किती उतरली, हे कळायला रुग्णाच्या शब्दापलीकडे काही नव्हते.

आपल्या भावना आवरायला माणसाला शिकवता येते का, आणि तो शिकला हे कशावरून ओळखायचे? आज मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसाला त्याच्याच मेंदूची हालचाल पडद्यावर दाखवून हाच प्रश्न विचारला जातो. या शोधाची गोष्ट सांगताना जर्मनी, अमेरिका, इस्रायल ही नावे लगेच येतात. परळ आणि लोणावळा ही नावे क्वचितच येतात. त्यांचा वाटा मात्र मोठा आहे.

ही गोष्ट सुरू होते १९२४ सालापासून. त्या वर्षीच्या जुलैत जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतली विद्युत् स्पंदने पहिल्यांदा टिपली. पाच वर्षे तो ती पुन्हा पुन्हा तपासत राहिला आणि १९२९ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. ईईजीचा जन्म तो हा. त्याच १९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचे काही कारण नव्हते. पण माणसाच्या आत जे चालते ते यंत्राच्या साक्षीने पाहायचे, हा ध्यास दोघांचाही होता.

स्वामींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांचे शरीर घडले, नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे योग झाला आणि अमळनेरला त्यांनी अध्यापन केले. योगाने अमुक साधते असे ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते मानायचे, हे त्यांना पटत नव्हते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभीच त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करणाऱ्यांची क्ष-किरण तपासणी करवून घेतली. पुढे दाबमापकाने त्यांनी दाखवले की, नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेची ख्याती पसरली. येल विद्यापीठातले संशोधक बेहनन तिथे येऊन स्वतः योग शिकले आणि १९३७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. १९३६ पासून मरीन ड्राइव्हवर कैवल्यधामचे केंद्र सुरू होते. जे. जे.तला विभाग उघडला तेव्हा मुंबईत हे दोन प्रवाह जवळजवळ वाहत होते. त्यांची गाठ पडायला आणखी तीस वर्षे जावी लागली.

मधल्या काळात एक महत्त्वाची परीक्षा झाली. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसचे मानसशास्त्रज्ञ वेंगर आणि मिशिगन विद्यापीठातले ईईजीचे जाणकार बसुकुमार बागची हे दोघे सोबत नेता येईल असे यंत्र घेऊन भारतभर फिरले. लोणावळा हा त्यांच्या प्रवासातला एक मुक्काम. दिल्लीचे डॉ. बी. के. आनंद पुढे त्यांच्याबरोबर होते. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्यांची त्यांनी तपासणी केली. श्वास कोंडून छातीपोटाचे स्नायू आवळले की स्टेथोस्कोपमध्ये ठोका ऐकू येईनासा होई, मनगटावर नाडीही लागत नसे. पण ईसीजीच्या कागदावर हृदय आपले चालूच असे. १९६१ च्या शोधनिबंधात त्यांनी हे स्पष्ट लिहिले. त्याच दौऱ्यात त्यांना एक योगी भेटला, जो सांगताक्षणी काही मिनिटांत कपाळावर घाम आणू शकत होता. थंडीत गुहांमध्ये राहताना उष्णतेची कल्पना करत करत त्याला हे साधले होते. यंत्राने एक दावा खोडला आणि दुसरा उचलून धरला. ज्यावर आपला ताबा नाही असे आपण समजतो, ती शरीराची कामेही कल्पनेच्या आणि सरावाच्या जोरावर थोडीफार वळवता येतात, एवढे यातून पक्के झाले.

या सरावाला वेग कसा द्यायचा, याचे उत्तर शिकागोत जो कामिया यांना सापडले. १९५८ च्या सुमारास त्यांनी एका तरुणाला अंधाऱ्या खोलीत बसवून ईईजी लावला. घंटा वाजली की त्याने सांगायचे: या क्षणी मेंदूत अल्फा लहरी आहेत की नाहीत? लगेच त्याला बरोबर की चूक ते कळे. पहिल्या दिवशी निम्मी उत्तरे चुकली. चौथ्या दिवशी तो जवळजवळ चुकेनासा झाला. पुढे कामियांना आढळले की, ओळखता येऊ लागले की त्या लहरी आणता आणि घालवताही येतात. शिकवणारे कोणी नव्हते, फक्त प्रत्येक प्रयत्नाचा निकाल ताबडतोब हाती पडत होता. माणसाला त्याच्याच मेंदूची हालचाल दाखवून ती वळवायला शिकवण्याची पद्धत, म्हणजे न्यूरोफीडबॅक, उभी आहे ती याच पायावर.

आता परळ. १९२६ मध्ये सुरू झालेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे केईएम, गिरणगावाच्या ऐन मध्यावर आहे. साठच्या दशकात आसपासच्या गिरण्या तिन्ही पाळ्यांत चालत होत्या. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत रात्रपाळीवाला दिवसा झोपायचा प्रयत्न करी आणि त्याच खोलीत स्टोव्ह, मुले, पाहुणे सगळे चालू असे. पालिकेच्या या रुग्णालयात येणाऱ्या माणसाला रोजचे औषध आयुष्यभर घ्या म्हणणे सोपे होते, परवडणे सोपे नव्हते. अशा ठिकाणी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी रक्तदाबावर शवासन वापरून पाहायचे ठरवले. त्यांच्या जोडीला देशमुख आणि दळवी हे डॉक्टर होते. आणि चौथे नाव होते डॉ. एस. एल. विनेकर. विनेकर कैवल्यधामचे. १९६३ मध्ये त्यांनी कुवलयानंदांबरोबर योगोपचारावरचे पुस्तक लिहिले होते. लोणावळ्याची विद्या परळच्या वॉर्डात आली ती या माणसाबरोबर.

१९६९ मध्ये त्यांचा निबंध ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात आला. त्यातली शवासनाची कृती एखाद्या औषधाच्या मात्रेसारखी काटेकोर आहे. रुग्णाने उताणे पडायचे, पायांत तीस अंशांचे अंतर, हात धडापासून पंधरा अंशांवर, बोटे किंचित वळलेली, पापण्या मिटलेल्या. श्वास पोटातून, संथ आणि लयीत. आत घेतल्यावर छोटा विराम, सोडल्यावर थोडा मोठा. लक्ष नाकपुड्यांकडे ठेवायचे: आत जाणारी हवा गार लागते, बाहेर पडणारी कोमट. रोज अर्धा तास. बहुतेकांना तीनेक आठवड्यांत हे जमू लागे.

एकूण ४७ रुग्ण, तीन गटांत. औषध न घेणारे १०, औषधाने रक्तदाब आटोक्यात असलेले २२ आणि औषध घेऊनही तो आटोक्यात नसलेले १५. पहिल्या गटाचा सरासरी रक्तदाब १३४ वरून १०७ वर आला. दुसऱ्या गटाची औषधाची गरज मूळच्या सुमारे एकतृतीयांशावर आली. तिसऱ्या गटात काहींनाच फायदा झाला. दाते आणि सहकाऱ्यांनी हे तिसरे चित्रही तितक्याच ठळकपणे मांडले. जे जमले त्याबरोबर जे जमले नाही तेही त्यांनी लिहिले, म्हणूनच हा निबंध पुढे जगभर वाचला गेला.

त्याच रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात डॉ. एन. एस. वाहिया आणखी अवघड वाटेला लागले होते. रक्तदाबाला निदान पारा तरी आहे. चिंता, अकारण भय, मनातून शरीरात उतरलेली दुखणी यांचे काय? १९६६ मध्ये वाहिया, विनेकर आणि डुंगाजी यांचा निबंध ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाला. पतंजलीच्या अष्टांगांतली आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान ही पाच अंगे त्यांनी उपचार म्हणून मांडली. रुग्णाने देव मानावा, व्रत करावे असा आग्रह नव्हता. रोज तासभर, काही आठवडे, रुग्णालयातच शिकायचे.

वाहियांच्या गटाचे खरे मोठेपण पुढच्या पावलात आहे. रुग्णाला बरे वाटले, पण ते ध्यानामुळे की डॉक्टर रोज तासभर आपल्याकडे लक्ष देतात या दिलाशामुळे? हा प्रश्न त्यांनी स्वतःच उभा केला. तुलनेसाठी दुसरा गट घेतला. त्यालाही तितकाच वेळ, तेच डॉक्टर, आसन-प्राणायामासारख्या दिसणाऱ्या हालचाली आणि विश्रांती मिळाली. फक्त धारणा-ध्यानाचा गाभा काढून घेतला. दोन्ही गटांच्या मानसशास्त्रीय चाचण्या उपचाराआधी आणि नंतर झाल्या. पूर्ण पद्धत शिकलेल्यांत सुधारणा अधिक दिसली. १९७२-७३ च्या त्यांच्या निबंधांत हे नोंदलेले आहे. ध्यानाच्या उपचारावर असा तुलनात्मक अभ्यास तेव्हा जगात फार थोड्यांनी केला होता.

तुलनेच्या या शिस्तीला भायखळ्यात जुना इतिहास आहे. १८९७ च्या जानेवारीत, प्लेगच्या ऐन कहरात, जे. जे.च्या आवारातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली आणि उरलेल्यांशी ताडून पाहिले. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले; लस घेतलेल्यांत दोघांना झाला आणि कोणी दगावले नाही. एकाच आवारातले, एकाच भाकरीवरचे दोन गट शेजारी ठेवून उपचाराची पारख करायची, ती हीच रीत. पाऊणशे वर्षांनी, तिथून थोड्याच अंतरावरच्या परळमध्ये, ती मनाच्या उपचारांना लावली गेली.

परळचा निरोप आधी लंडनला पोचला. तिथल्या क्रॉयडन भागात सामान्य डॉक्टर म्हणून काम करणाऱ्या चंद्रा पटेल यांनी शवासनासारख्या शिथिलीकरणाला यंत्राची जोड दिली. रुग्णाच्या बोटांना इलेक्ट्रोड लावायचे. ताण सैल झाला की त्वचेचा विद्युत् रोध बदलतो आणि यंत्राचा आवाज उतरतो. तो आवाज ऐकत ऐकत रुग्ण सैल व्हायला शिकतो. १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी २० रुग्णांची हकीकत लिहिली. पाच जणांची औषधे पूर्ण बंद झाली, सात जणांची बरीच कमी झाली. दोन वर्षांनी त्यांनी तुलनेच्या गटासह प्रयोग करून ही गोष्ट आणखी पक्की केली. मग हे वर्तुळ परळला परतले: १९८० मध्ये केईएमच्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये दात्यांनी रक्तदाब आणि तणावावरच्या अशाच यंत्राच्या जोडीच्या सरावाविषयी, म्हणजे बायोफीडबॅकविषयी, लिहिले.

तरी एक उणीव होती. त्वचा, नाडी, श्वास हे भावनेचे परिणाम झाले. भावना जिथे आकार घेते त्या मेंदूच्या खोल भागात डोकवायला काही नव्हते. ईईजी डोक्याच्या पृष्ठभागावरून ऐकतो. खोल गाभ्यातला आवाज त्याला नीट ओळखता येत नाही.

हे दार उघडले ते १९९० मध्ये. सेइजी ओगावा यांनी दाखवले की, रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायू आहे की नाही यावर त्याचा चुंबकीय गुण बदलतो, आणि तो फरक एमआरआय यंत्र टिपू शकते. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजे रक्त धावते, म्हणजे कोणता भाग कामात आहे हे कवटी न उघडता कळू लागले. १९९५ मध्ये ही चित्रे काढता काढताच त्यांचे गणित करण्याची पद्धत आली. आता माणसाला त्याचा मेंदू त्याच क्षणी, म्हणजे रक्ताला पोचायला लागणाऱ्या चार-सहा सेकंदांच्या उशिराने, दाखवता येणार होता.

जर्मनीत ट्युबिंगेनला नील्स बिरबाउमर यांच्या प्रयोगशाळेत आंद्रेया कारिया आणि मूळचे भारतीय असलेले रंगनाथ सीताराम यांनी निरोगी स्वयंसेवकांना मेंदूतल्या इन्सुला या भावनांशी निगडित भागाची हालचाल वाढवायला शिकवले. हा निबंध २००७ चा. त्याआधी दोन वर्षे क्रिस्टोफर डीचार्म्स यांच्या गटाने वेदनेशी निगडित भागावर असाच प्रयोग केला होता. सर्वांत जास्त बोलबाला झाला तो अमेरिकेतल्या तुलसा शहरातल्या कामाचा. तिथल्या लॉरिएट संस्थेत किम्बर्ली यंग आणि सहकाऱ्यांनी अमिग्डाला निवडला. कानशिलांच्या आत, खोलवर, बदामाएवढा हा भाग भीतीशी जोडला जातो. पण आनंदाच्या आठवणींनाही तो जागा होतो, आणि नैराश्यात हे जागे होणे मंदावते.

त्यांचा प्रयोग असा. रुग्ण स्कॅनरच्या नळीत पडून असतो, कानांवर यंत्राची धडधड. समोर पडद्यावर एक पट्टी वर-खाली होते. त्याने आयुष्यातली सुखाची आठवण मनात आणायची, तिच्यात शिरायचे आणि पट्टी वर चढते का पाहायचे. एक आठवण चालली नाही तर दुसरी. कोणती आठवण, कोणत्या बारकाव्यासह आणली की डावा अमिग्डाला हलतो, हे त्याचे त्यालाच सापडत जाते. मधूनमधून पट्टी बंद करून त्याला तेच करायला सांगितले जाते, कारण खरी परीक्षा तीच: यंत्र नसताना जमते का? २०१७ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त निकाल आला. औषध न घेणारे नैराश्याचे ३६ रुग्ण, दोन सत्रे. १९ जणांना अमिग्डालाची खरी पट्टी दिसली. १७ जणांना भावनांशी संबंध नसलेल्या दुसऱ्याच भागाची. खऱ्या गटातल्या १२ जणांची लक्षणे निम्म्याहून खाली आली, दुसऱ्या गटातल्या दोघांची. दुसऱ्या गटालाही तोच स्कॅनर, तीच आठवण, तितकाच वेळ मिळाला होता. वाहियांनी परळमध्ये उभा केलेला प्रश्न इथे जसाच्या तसा दिसतो.

आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. बहुतेक अभ्यासांतले गट लहान आहेत. महागड्या यंत्रात शिरण्याचा दबदबा, बरे होण्याची आशा, तज्ज्ञांचे लक्ष यांचाही परिणाम होतो, असे आक्षेप मॉन्ट्रियलच्या टीबो आणि राझ यांच्यासारख्या अभ्यासकांनी नेटाने मांडले आहेत. डोके जरा हलले, श्वासाची लय बदलली की चित्र बदलते, तेव्हा पट्टी मेंदूमुळे चढली की श्वासामुळे, हेही तपासावे लागते. कोंडलेल्या श्वासाने नाडी थांबल्याचा भास होतो हे १९५७ मध्येच दिसले होते, त्यामुळे ही खबरदारी अनाठायी नाही.

दुसरी अडचण खर्चाची. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातले एमआरआय यंत्र अपघात, अर्धांगवायू, गाठी यांच्या तपासण्यांनी सतत व्यापलेले असते. चिंतेच्या रुग्णाला सरावासाठी ते पुन्हा पुन्हा मिळेल, असे धरून चालता येत नाही. यावर तेल अवीवच्या तल्मा हेंडलर यांच्या गटाने वाट काढली. ईईजी आणि एमआरआय एकाच वेळी घेऊन त्यांनी अमिग्डालाच्या हालचालीची खूण ईईजीच्या लहरींत शोधली आणि मग स्कॅनरशिवाय, नुसत्या ईईजीवर सराव दिला. लष्करी प्रशिक्षणाच्या ताणात असलेल्या सैनिकांवरचा त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. ज्यांना ही खूण दाखवून शिकवले ते आपल्या भावना ओळखण्यात आणि ताण हाताळण्यात तुलनेच्या गटांपेक्षा सरस ठरले.

परळच्या परंपरेचा एक धागा दरम्यान अमेरिकेत पोचला होता. वाहियांच्या १९७३ च्या एका निबंधावर दिलीप जेस्ते हे नाव आहे. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकून केईएममध्ये मानसोपचाराचे धडे घेतलेला हा तरुण डॉक्टर पुढे सॅन डिएगोला प्राध्यापक झाला आणि २०१२ मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचा अध्यक्ष. २००९ मध्ये त्याने आणि थॉमस मीक्स यांनी शहाणपणाच्या मेंदूतल्या मुळांविषयी लिहिले, तेव्हा शहाणपणाच्या घटकांत त्यांनी भावनिक समतोल मोजला आणि त्याच्यासाठी मेंदूचे कोणते भाग एकमेकांना आवरतात-सावरतात हे मांडले. त्याच्या तरुणपणी केईएममध्ये रुग्णांना जे शिकवले जात होते, त्याचीच ही मेंदूतली बाजू होती.

ईईजीचे यंत्र आज मुंबईतल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आहे. शवासनाला चटई पुरते. आता हवा आहे तो दोन्हींना शेजारी ठेवणारा, पुरेशा मोठ्या गटांचा अभ्यास: एका गटाला ईईजीच्या खुणेवर सराव, एकाला वाहियांची पाच अंगांची पद्धत, एकाला तितकाच वेळ आणि तितकेच लक्ष, आणि सहा महिन्यांनी, वर्षाने, यंत्र समोर नसताना कोणाला काय जमते याची नोंद. असा अभ्यास भायखळा-परळच्या बाह्यरुग्ण विभागांत व्हायला हवा. तिथे रुग्ण आहेत, तुलनेची शिस्त आहे, आणि १९६९ पासून लिहून ठेवलेली अर्ध्या तासाची कृतीही आहे.